परसबागेतील व घरातील हिरवे ढेकूण : ओळख आणि बंदोबस्त



बुलडाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, लोणार भागात दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी सुरू होते. सोयाबीनवर वाढलेले हिरवे ढेकूण मग तुरीकडे आणि परसबागेतील वाल, चवळी, टोमॅटोकडे वळतात. रात्री दिव्याच्या उजेडाने घरातही येतात. नाव ढेकूण असले तरी हा खाटेतला ढेकूण नव्हे. तो माणसाचे रक्त पीत नाही, झाडाचा रस शोषतो. तेव्हा त्याच्यासाठी घरात विषारी औषध मारण्याचे कारण नाही.

ओळख : प्रौढ कीटक १२ ते १६ मि.मी. लांब, हिरवा व ढालीच्या आकाराचा असतो. डिवचल्यास छातीखालील ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडतो. मादी पानाच्या मागील बाजूस पिंपाच्या आकाराची फिकट पिवळी अंडी पुंजक्याने घालते. लहान पिल्ले काळपट, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची असून सुरुवातीस एकत्र राहतात.

नुकसान : पिल्ले व प्रौढ कोवळ्या शेंगांत सोंड खुपसून दाण्यातील रस शोषतात. दाणे सुरकुततात, शेंगा पोचट राहतात. अशा सोयाबीनची उगवणशक्ती घटत असल्याने ते बियाण्यासाठी ठेवू नये. टोमॅटोवर पांढुरके डाग पडून आतील गर कडक होतो.

मित्र कीटक जपा : कॅन्थेकोना नावाचा ढेकूण तपकिरी असून त्याच्या दोन्ही खांद्यांवर टोकदार काटे असतात. तो पिकावरील अळ्या खातो. त्याला मारू नका.

बंदोबस्त :

१) आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहावीत. अंडीपुंज व पिल्लांचे घोळके पानासह तोडून साबणाच्या पाण्यात टाकावेत.

२) सकाळी लवकर ढेकूण सुस्त असतात. झाडाखाली साबणाच्या पाण्याचे घमेले धरून फांदी हलवावी.

३) बांधावरील व बागेतील तण काढावे.

४) प्रादुर्भाव दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५०० ग्रॅम निंबोळीची भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून २० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळावा व एकूण द्रावण १० लिटर करावे.

५) घरात खिडक्यांना बारीक जाळी लावावी, अंगणातील दिवा गरजेपुरताच ठेवावा. आत आलेला ढेकूण चिरडू नये, वास पसरतो. कागदावर घेऊन साबणाच्या पाण्यात टाकावा.

काही जण कपाशीसाठी आणलेले औषध उरले म्हणून परसबागेत मारतात. ही सवय घातक आहे. परसातील भाजी आपण दुसऱ्याच दिवशी तोडतो आणि लेकरांच्या ताटात वाढतो. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरू नये. शेतात रासायनिक फवारणी करावीच लागली तर त्या पिकासाठी शिफारस असलेलेच औषध लेबलावरील मात्रेत, तोंडाला मास्क व हातमोजे घालून, वाऱ्याच्या दिशेने फवारावे. औषध व काढणी यांतील सांगितलेले दिवस पाळावेत.

परसबागेला मात्र रोजची नजर, साबणाचे पाणी आणि निंबोळी एवढे पुरेसे आहे. उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून, वाळवून ठेवा. दसऱ्याला त्या कामी येतील.