कुत्री-मांजरे पाळणाऱ्यांची कर्तव्ये

रेबीज म्हणजे पिसाळ रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही; सबब वेळीच लस टोचणे हाच उपाय होय. कुत्र्याचे वा मांजराचे पिलू तीन महिन्यांचे होताच त्यास लस टोचावी व पुढे दरवर्षी द्यावी. मुंबई उपनगरांत कुत्रे पाळण्यास महानगरपालिकेचा परवाना आवश्यक आहे. नको असलेली पिले उपाशी मरण्यास सोडणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. त्याऐवजी नसबंदी करवून घ्यावी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत व आरे वसाहतीत कुत्री रात्री मोकळी ठेवू नयेत. त्यांच्यामागे बिबळ्या वस्तीत येतो.

कुत्रे वा मांजर चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये व तत्काळ दवाखाना गाठावा. कार्यकर्त्यांनी ही माहिती तबेल्यांतून व पाड्यांतून समजावून द्यावी.