‘बदल नाही’

महसूल खात्यात मी अव्वल कारकून होतो. लोकांच्या प्रकरणांत त्रुटी काढणं हे रोजचं काम, आणि त्यात हात चांगला बसला होता. स्वतःचं मत्ता व दायित्वाचं विवरणपत्र मात्र 31 मे तोंडावर आली की पाच मिनिटांत उरकायचो. गेल्या वर्षीची प्रत समोर ठेवायची, ‘बदल नाही’ लिहायचं, लिफाफा चिकटवायचा, आस्थापना शाखेत द्यायचा.

एका वर्षी बायकोच्या नावावर दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. पतसंस्थेचं कर्ज, थोडं मोडलेलं सोनं, बाकी मेव्हण्यांकडून हातउसने. लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच कळवायचं सुचलं नाही. विकणाऱ्याचं अकृषिक परवानगीचं प्रकरण तेव्हा माझ्याच टेबलावर होतं. मी ते नियमानेच पुढे पाठवलं. पण हे आता कोणाला पटवणार?

कुणीतरी अर्ज केला. आधी कारणे दाखवा नोटीस, मग दोषारोपपत्र. चौकशीत पैशांचा हिशेब अर्ध्या तासात जुळला. पुढची दोन वर्षं ‘कळवलं का नाही?’ या एकाच प्रश्नात गेली. वेतनवाढ रोखली, पदोन्नती मोहोरबंद पाकिटात अडकली. माझ्या हाताखाली टिपणी लिहायला शिकलेला मुलगा नायब तहसीलदार होऊन आमच्याच कार्यालयात आला. मी समोर गेलो की तो खुर्चीतून उठायचा. शिक्षेपेक्षा ते जास्त लागायचं.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला 19 वा नियम मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. जमीन, घर घ्यायचं किंवा विकायचं तर आधी कळवायचं. कुटुंबातल्या माणसाच्या नावावर असलं तरीही. आणि समोरच्याचं तुमच्याकडे सरकारी काम असेल, तर नुसतं कळवून भागत नाही, पूर्वमंजुरी लागते.

तेव्हा इसार देण्याआधी अर्ज द्या. पैसा कुठून आणला तेही लिहा, हातउसने धरून. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागलं, तर तेही विवरणपत्रात आलं पाहिजे. ‘वडिलोपार्जितच आहे’ म्हणून बरेच जण सोडून देतात. अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेबांना तोंडी सांगितलेलं साहेबांची बदली झाली की संपतं.

पुढच्या सगळ्या व्यवहारांच्या पोच मी एका फायलीत लावून ठेवल्या आहेत. त्या प्लॉटची तेवढी नाही.