हायस्कुलातील विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन पशुवैद्यक शिबिर

गोठ्यातील जनावर आजारी पडल्याचे प्रथम ध्यानात येते ते बहुधा घरातील स्त्रीच्या किंवा शाळकरी मुलाच्या. धार काढणे, पाणी दाखविणे, वैरण टाकणे ही कामे त्यांच्याकडे असतात. पशुवैद्यकास फोन लावण्याचे कामही अलीकडे मुलाकडेच येते. त्याने सांगितलेल्या माहितीवरून डॉक्टर निघण्याची घाई किती करावयाची आणि सोबत कोणते औषध घ्यावयाचे हे ठरवितात. म्हणून आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांस जनावरांच्या आरोग्याचे प्राथमिक शिक्षण मिळणे ही शेतकऱ्याच्या हिताची गोष्ट होय.

सन २०२० मध्ये कोव्हिडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. त्या वेळी अमेरिकेतील काही पशुवैद्यक महाविद्यालयांनी हायस्कुलातील मुलांसाठी भरविली जाणारी उन्हाळी शिबिरे ऑनलाइन घेतली. तज्ज्ञाचे व्याख्यान, शस्त्रक्रियेची चित्रफीत, हाडांची व अवयवांची ओळख असे त्यांचे स्वरूप असते. शहरातील ज्या मुलाने गाय जवळून पाहिलेली नाही त्याला एवढेही पुष्कळ वाटते. आपल्याकडील खेड्यातील मुलाची स्थिती उलट आहे. जनावर त्याच्या दारात बांधलेले असते. उणीव असते ती शास्त्रोक्त रीतीने पाहण्याची. तेव्हा ग्रामसेवकांनी असे शिबिर योजताना पडद्यावर अर्धा तास पाठ आणि त्यानंतर आपापल्या गोठ्यात तासभर निरीक्षण, असे प्रमाण ठेवावे. नुसती चित्रे दाखवून भागविलेल्या शिबिराचा गोठ्यास काही उपयोग नाही.

पहिले दोन-तीन दिवस रोगांची नावेही काढू नयेत. निरोगी जनावर कसे असते, हेच शिकवावे. मोठ्या गाईचे तापमान सामान्यतः १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. ते गुदद्वारातून घ्यावे लागते. तापमापकाचे टोक आतील भित्तीला टेकलेले असावे. ते शेणात रुतल्यास आकडा चुकतो. उन्हात बांधलेल्या जनावराचे तापमान वाढलेले दिसते, म्हणून ते सावलीत आणून थोड्या वेळाने मोजावे. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूस बोट ठेवले असता नाडी लागते. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली म्हणजे मोठ्या पोटाची हालचाल हाताला जाणवते. ती पाच मिनिटांत ७ ते १२ वेळा व्हावयास हवी. निरोगी गाय दिवसाकाठी सुमारे ७ ते ८ तास रवंथ करते. प्रत्येक मुलाने घरच्या एका जनावराच्या या नोंदी सकाळ-संध्याकाळ आठ दिवस वहीत लिहाव्यात. ज्याला आपल्या गाईचा नेहमीचा आकडा ठाऊक आहे, त्यालाच तो बिघडल्याचे ओळखता येते.

यानंतरचा पाठ सर्वांत महत्त्वाचा. तो म्हणजे डॉक्टरांस माहिती कशी द्यावी. “गाय खात नाही” एवढ्या निरोपावरून काहीच बोध होत नाही. जनावराचे वय, ते व्याले केव्हा, रवंथ कधीपासून बंद आहे, शेण व लघवी कशी होते, दूध किती घटले, ताप किती आणि आज काय खाल्ले, हे क्रमाने सांगावे. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरातील माणसे पुष्कळदा टाळतात. परंतु ज्वारी कापल्यावर खुंटाला आलेली कोवळी फूट जनावराने खाल्ली असल्यास तिच्यातील विषाने ते थोड्याच वेळात धापा टाकून कोसळते, आणि त्यावरचा उतारा साध्या पोटफुगीच्या औषधाहून अगदी निराळा असतो. जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरले होते हे सांगण्याच्या संकोचापायी ते गमावण्यात शहाणपण नाही. फोनवर छायाचित्र पाठवावयाचे तर केवळ तोंडाचे पाठवू नये. जनावर उभे असताना मागून घेतलेल्या चित्रात डावी बाजू फुगली आहे की काय हे स्पष्ट दिसते. पशुवैद्यकीय साहाय्यासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

काय करू नये, याचा पाठही तितक्याच काटेकोरपणे द्यावा. जनावराचे तोंड उंच करून व जीभ ओढून तेल किंवा काढा पाजण्याची रीत अनेक घरांत आहे. असे पाजलेले औषध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसास सूज येते आणि मूळ रोगातून वाचले असते असे जनावर दगावते. दुग्धज्वराने बसलेल्या गाईस गिळताच येत नाही. तिला तोंडाने काहीही देऊ नये. लाळ गळत असेल व आवाज बदलला असेल, तर घशात काही अडकले असे समजून तोंडात हात घालणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण ती पिसाळी असू शकते. हात घातला गेला असल्यास तो साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखान्यात जावे. गाभडलेले वासरू व वार उघड्या हाताने उचलू नये. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसासही होतो. जनावर अचानक मरून नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असल्यास ते फाशी रोगाचे लक्षण समजावे. असे जनावर सोलू अगर फाडू नये. त्या रोगाचे बीज जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते.

मुलांस टोचणी किंवा औषधांची मात्रा शिकविण्याचा मोह आवरावा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ अन्वये उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. ज्यांना तोच व्यवसाय करावयाचा आहे त्यांनी बारावीस जीवशास्त्र ठेवावे व नीट परीक्षेची तयारी करावी. पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले, तर राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठिकाण नागपूर येथे आहे.

शिबिराची वेळ ठरविताना धारांचा समय टाळावा. सर्व घरांत फोन असेलच असे नाही. तेव्हा पाच-सहा मुलांनी शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत एका पडद्यापुढे बसावे. प्रत्येक गटास एक तापमापक लागेल. त्याच्या टोकास दोरा बांधून तो शेपटीच्या केसांस अडकवावा, म्हणजे खाली पडून फुटणार नाही. वापरानंतर तो साबण लावून थंड पाण्यानेच धुवावा; पाऱ्याचा तापमापक गरम पाण्याने तडकतो.