खडीच्या वाटेवरील मोटारसायकल व तिचे टायर

आमच्या शाळेंत शिकणारीं पुष्कळ मुलें आसपासच्या खेड्यांतून वडिलांच्या किंवा काकांच्या मोटारसायकलवर बसून येतात. डांबरी सडक संपली कीं मुरमाचा रस्ता लागतो, आणि कोठें कोठें नुसती खडी पसरून ठेविलेली असते. गाडी मात्र गुळगुळीत सडकेसाठीं बनविलेली. अशा गाडीस कोणते टायर घालावे, हा प्रश्न दुकानदारावर सोंपवून पालक मोकळे होतात. वस्तुतः हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा, थोडासा अंकगणिताचा व बराचसा विवेकाचा आहे; म्हणून त्याचा विचार या अंकांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम टायराचें काम काय तें पाहूं. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव चढवितो; तिचें काम चाक झिजूं न देणें. रबरी टायराचें काम याहून मोठें आहे. १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें हवेनें भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें, पण त्याचा प्रसार झाला नाहीं. पुढें बेल्फास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीवर प्रयोग करून तीच कल्पना नव्यानें शोधली व १८८८ सालीं पेटंट मिळविलें. सारांश, हवेच्या टायराचा प्रसार एका बापाच्या खटपटींतून झाला, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां पकडीचा विचार करूं. डांबरी सडक जागची हलत नाहीं, आणि मऊ रबर तिच्या बारीक खरखरीतपणांत रुतून बसतें. म्हणून सडकेच्या टायरावर रबराचा भाग पुष्कळ व खांचा थोड्या असतात. खांचांचें काम पावसाचें पाणी बाजूस सारणें हें होय. खडीवर निराळाच प्रकार होतो. सारवलेल्या अंगणांत ज्वारीचे दाणे सांडले असतां त्यांवरून धांवणारें मूल पडतें, कारण पाय व जमीन यांच्यामध्यें दाणे गडगडतात. टायराखालील सुटे खडे तसेच गडगडतात. तेथें नुसत्या रबराच्या चिकटपणाचा उपयोग होत नाहीं. खड्यांच्या थरांत शिरून आधार घेणारे उंच ठोकळे पाहिजेत. बाजारांत अशा टायरास बटण टायर म्हणतात.

मग सर्वांनीं बटण टायरच कां घालूं नये? कारण एका ठिकाणचा गुण दुसऱ्या ठिकाणीं दोष ठरतो. उंच ठोकळे डांबरावर वळतांना वांकतात व गाडी डळमळल्यासारखी वाटते. रस्त्याशीं प्रत्यक्ष स्पर्श करणारें रबर कमी असल्यामुळें ओल्या सडकेवर पकड कमी मिळते. शिवाय ते लौकर झिजतात व आवाज करितात.

या दोहोंमधील मार्ग म्हणजे दुहेरी उपयोगाचे टायर. त्यांस ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. कारखानदार त्यांचें वर्णन ९०/१०, ८०/२०, ५०/५० अशा आंकड्यांनीं करितात. पहिला आंकडा सडकेचा, दुसरा कच्च्या वाटेचा. यांस सर्वमान्य मोजमाप नाहीं. तो कारखानदाराचा अंदाज समजावा. तरी निवड करण्यास तो उपयोगी पडतो. आठवडाभर वहींत आपला प्रवास मांडावा. समजा, रोज २४ किलोमीटर जाणें होतें व त्यांपैकीं ५ किलोमीटर मुरमाचे आहेत. तर कच्ची वाट सुमारें एक पंचमांश झाली, आणि ८०/२० या जातीचा टायर योग्य ठरला. निम्म्याहून अधिक वाट खडीची असेल तरच ५०/५० कडे वळावें.

वाटेची जातहि पाहिली पाहिजे. दबलेल्या मुरमावर साधारण खोल खांचांचा टायर पुरतो. कठीण जमिनीवर खडीचा पातळ थर पसरला असेल तर उंच बटणांसहि रुतावयास जागा मिळत नाहीं. तेथें मंद गति हाच उपाय. पावसांतील काळी माती तर बटणांमधील फटी भरून टाकते व टायर मडक्यासारखा गुळगुळीत होतो. मडगार्ड चाकाच्या अगदीं जवळ असल्यास तेथें चिखल कोंदून चाकच अडतें. म्हणून टायर घेण्यापूर्वी मडगार्ड, साखळी व चाकाची दांडी यांपासून पुरेशी मोकळीक आहे कीं नाहीं, तें मोजून पाहावें.

टायराच्या बाजूस लिहिलेले आंकडे वाचतां येणें अवश्य आहे. १००/९०-१७ ५५ पी असें लिहिलें असल्यास रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शेंकडा ९० म्हणजे ९० मिलिमीटर, व रिमचा व्यास १७ इंच. ५५ हा भाराचा आंकडा असून त्याचा अर्थ २१८ किलोग्रॅम. पी याचा अर्थ ताशीं १५० किलोमीटर ही कमाल गति. चार आंकड्यांचा आणखी एक शिक्का असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यांत तयार झालेला. दुकानांत फार दिवस पडून राहिलेलें रबर कठीण होतें, म्हणून हा शिक्का पाहिल्यावांचून टायर घेऊं नये.

आतां विद्यार्थ्यांनीं एक उदाहरण सोडवावें. वरील टायराऐवजीं कोणी ११०/९०-१७ घातला तर काय होईल? उंची ९० ऐवजीं ९९ मिलिमीटर झाली. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, म्हणून जुना व्यास ६११.८ व नवा ६२९.८. वाढ १८ मिलिमीटर, म्हणजे शेंकडा सुमारें ३. वेगदर्शक यंत्र त्याच चाकावरून चालत असेल तर तें ५० दाखवील तेव्हां खरी गति सुमारें ५१ ॥ असेल. यास्तव पुस्तिकेंत दिलेलें मापच घेणें बरें. त्याचप्रमाणें पुढें एका रचनेचा व मागें दुसऱ्या रचनेचा टायर, म्हणजे एक रेडियल व एक साधा, असा संकर कारखानदाराच्या संमतीवांचून करूं नये. बाजूस फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तोहि पाहून टायर बसवावा.

हवेविषयीं एक सूचना. हवा थोडी कमी केली असतां टायर अधिक पसरतो व खडीवर पकड वाढते, हें खरें. परंतु फार कमी केल्यास दगडावर आदळतांच ट्यूब रिमच्या कडेखालीं चिमटते व तिला दोन छिद्रें पडतात. मागें मूल बसलें असतां हवा कमी करूंच नये. दोन माणसांसाठीं पुस्तिकेंत सांगितलेला आंकडा पाळावा.

येथें आमची एक चूक सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं आपल्या गाडीस मागें मोठ्या बटणांचा टायर घातला. तो दिसण्यांत भारी होता. पुढील टायर झिजला होता, पण काटकसर म्हणून तसाच ठेविला. पावसाळ्याच्या आरंभीं तापानें आजारी पडलेल्या एका विद्यार्थ्यास घरीं पोंचवीत असतां वळणावर खडी लागली. मागचें चाक जागीं राहिलें; पुढचें निसटलें. दोघांच्या डोक्यांस शिरस्त्राण होतें म्हणून तेवढ्यावर निभावलें. आम्हांस खरचटलें, पण मुलाचें उजवें मनगट मोडलें, आणि दीड महिना त्याची वही शेजारच्या मुलानें लिहिली. त्याचे वडील आम्हांस एकहि कठोर शब्द बोलले नाहींत. म्हणूनच ती गोष्ट आम्ही विसरलों नाहीं. मागचें चाक घसरलें तर गाडी पुष्कळदां सांवरतां येते. पुढचें घसरलें तर अवकाशच मिळत नाहीं. एकच टायर घेण्याइतके पैसे असतील व पुढचा झिजला असेल, तर आधीं पुढचा बदलावा.

चांगला टायर मिळाला म्हणून गति वाढविणाऱ्यास त्याचा कांहीं लाभ नाहीं. खडी दिसतांच गति कमी करावी, वळणावर पुढचा ब्रेक एकाएकीं दाबूं नये, व नजर लांब ठेवावी. डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटीं दोन घरांचा दृष्टांत आहे. त्या घरांतील भेद पायांत होता, आणि तो पाऊस आल्यावरच कळला. मोटारसायकलचा पाया तळहाताहून फारसा मोठा नसलेला रबराचा तुकडा आहे. त्याची परीक्षा पावसापूर्वीं केलेली बरी.

विद्यार्थ्यांस एवढेंच सांगतों कीं, अठरा वर्षें पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत गियरची गाडी हातीं घेऊं नका; पण दर शनिवारीं वडिलांच्या गाडीचे टायर तपासण्यास परवाना लागत नाहीं.