हमी सरकारची, हप्ता सैनिकाचा

अमेरिकेत माजी सैनिकांना, आणि सेवेत असलेल्यांनाही, घरासाठी जे सवलतीचे कर्ज मिळते त्याला तिथे सगळे ‘व्हीए लोन’ म्हणतात. व्हीए म्हणजे डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, माजी सैनिकांचे सरकारी खाते. कर्जाला नाव खात्याचे असले तरी पैसे देते खासगी बँक, क्रेडिट युनियन किंवा गृहकर्ज कंपनी. हप्ते थकले आणि घर विकूनही वसुली पुरी झाली नाही, तर नुकसानीतला ठरलेला वाटा खाते बँकेला भरून देते. 1,44,000 डॉलरच्या वरच्या कर्जाला ही हमी साधारणपणे पाव हिश्श्याची असते. म्हणजे खात्याने पाठीशी हात ठेवला आहे तो बँकेच्या. या कर्जात पोळलेल्यांचे अनुभव ऐकले, तर बहुतेकांची गल्लत इथूनच सुरू झालेली दिसते.

योजनेचा उगम 22 जून 1944 चा. त्या दिवशी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जीआय बिल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. महायुद्धातून परतणाऱ्या तरुणांकडे नोकरीचा दाखला होता, पण घराच्या पहिल्या रकमेसाठी साठवण नव्हती. सरकारी हमीने ती अडचण दूर केली. निर्णय मात्र पहिल्यापासून स्थानिक बँकांच्या हाती राहिला, आणि त्याची किंमत कृष्णवर्णीय सैनिकांनी मोजली. 1947 मध्ये मिसिसिपी राज्यातल्या 13 शहरांत पाहणी झाली, तेव्हा व्हीएच्या हमीच्या 3,229 कर्जांपैकी फक्त 2 कृष्णवर्णीयांना मिळालेली आढळली. कायद्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता.

आज पात्रतेचा कागद म्हणजे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी. तो मिळवताना माजी सैनिकाला सेवामुक्तीचा डीडी-214 हा दाखला लागतो. हा कागद हाती आला की कर्ज मंजूर झाले, अशी अनेकांची समजूत होते. प्रत्यक्षात तो एवढेच सांगतो की हमीचा हक्क शिल्लक आहे. कमीत कमी क्रेडिट स्कोअर किती हवा हे खाते ठरवत नाही, प्रत्येक बँक आपापले ठरवते. व्याजदराचेही तसेच. ‘व्हीएचा दर’ असा एकच दर नसतो. म्हणून निदान तीन ठिकाणी अर्ज करावा. अर्ज केल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत प्रत्येक बँकेला ‘लोन एस्टिमेट’ हे तीन पानी पत्रक द्यावे लागते. ती पत्रके शेजारी ठेवून ओळीने वाचली की कोण कशात पैसे काढतो ते कळते. तळावर ओळखीच्या झालेल्या एकाच एजंटाच्या शब्दावर सही करण्याची पद्धत फार महागात पडते.

कर्जाची खरी ओढ म्हणजे पहिली रक्कम शून्य. शिवाय इतर कर्जांत कमी रक्कम भरणाऱ्यांवर लादला जाणारा दरमहाचा गहाण-विमा इथे नसतो. पूर्ण हक्क शिल्लक असेल तर 2020 पासून कर्जाला खात्याची कमाल मर्यादाही नाही. बदल्यात एकदाच ‘फंडिंग फी’ द्यावी लागते. पहिल्या वेळी आणि 5 टक्क्यांहून कमी रक्कम भरल्यास ती कर्जाच्या 2.15 टक्के, पुन्हा वापरताना 3.3 टक्के. स्वतःचे 10 टक्के घातले तर ती 1.25 वर येते. सेवेत जडलेल्या अपंगत्वाची भरपाई मिळत असलेल्यांना ही फी माफ असते. भरपाईचा दावा अजून निकालात निघाला नसेल तर फी भरून पावती जपून ठेवावी, कारण भरपाई घरखरेदीच्या आधीच्या तारखेपासून लागू झाली तर भरलेली फी परत मागता येते. हे बरेच जण विसरतात, आणि आठवण करून द्यायला बँक काही फोन करत नाही.

शून्य रकमेची दुसरी बाजू आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही. समजा घर 4,00,000 डॉलरचे आहे. 8,600 डॉलरची फी कर्जातच मिळवली, म्हणजे कर्ज 4,08,600. व्याज 6.5 टक्के, मुदत 30 वर्षे. व्याज आणि मुद्दल मिळून हप्ता सुमारे 2,583 डॉलर. मालमत्ता कर आणि घराचा विमा वेगळा. तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येतो. तोवर जवळजवळ 93,000 डॉलर भरून झालेले असतात, पण मुद्दल फिटते ते साडेचौदा हजारांच्या आसपास. बाकी उरते सुमारे 3,94,000. बाजार जिथल्या तिथे राहिला आणि घर घेतल्या भावालाच विकले, तरी दलाली आणि इतर खर्च 6 टक्के धरल्यास हाती येतात 3,76,000. म्हणजे घर विकायला पदरचे 18,000 डॉलर घालायचे! लष्करात तीन-चार वर्षांनी बदली ही रोजचीच गोष्ट, त्यामुळे हा प्रसंग विरळा नाही. थोडक्या काळासाठी एका तळावर आलेल्याने भाड्याने राहणे यात काही कमीपणा नाही. घ्यायचेच असेल तर त्या भागात भाडे किती मिळते हे आधी पाहावे, कारण बदलीनंतर हप्ता भाड्यातूनच निघायचा असतो.

ऐपत तपासण्याची व्हीएची रीत मात्र शहाणपणाची आहे. उत्पन्नाच्या 41 टक्क्यांपर्यंत कर्जांचे हप्ते असावेत हा ढोबळ निकष, आणि त्याच्या जोडीला ‘रेसिड्युअल इन्कम’. हप्ता, कर, विमा, इतर कर्जे वजा जाता घरखर्चाला काय उरते ते यात पाहतात. पश्चिमेकडच्या राज्यांत चौघांच्या कुटुंबाला 80,000 डॉलर किंवा त्याहून मोठ्या कर्जासाठी महिन्याला निदान 1,117 डॉलर उरायला हवेत. आजच्या किराण्याच्या भावात ही रक्कम अगदीच तोकडी. तेव्हा हा आकडा तळाची रेघ मानून घरचा हिशेब वेगळा करावा.

घराचे मूल्यांकन व्हीएने नेमलेला मूल्यांकक करतो. छप्पर गळते का, पाणी, सांडपाणी, घर तापवण्याची सोय ठीक आहे का, 1978 पूर्वीच्या घरात रंगाचे पोपडे सुटलेत का (त्यात शिसे असू शकते), अशा किमान अटीही तो बघतो. पण घराखाली सरपटत जाऊन वासे ठोकून पाहणे किंवा गटाराच्या नळीत कॅमेरा घालणे हे त्याचे काम नाही. व्हीएचा माणूस येऊन गेला, आता वेगळी तपासणी कशाला, या विचाराने काहीशे डॉलर वाचवले जातात. मग पहिल्या पावसाळी आठवड्यात न्हाणीघराच्या जाळीतून सांडपाणी उलटे वर येते. अंगणाखालच्या नळीत झाडाची मुळे शिरलेली निघतात, आणि दुरुस्तीचा आकडा हजारांत जातो. खासगी तपासनीस स्वतःच्या खर्चाने आणावा, आणि तो काम करत असताना जवळ उभे राहावे.

मूल्यांकन ठरल्या भावापेक्षा खाली आले तर करारातले ‘एस्केप क्लॉज’ हे कलम उपयोगी पडते. त्याच्या आधारे इसाराची रक्कम न गमावता व्यवहार सोडता येतो. हे कलम करारात आहे की नाही, ते सहीच्या आधी पाहावे. व्यवहार सोडायचा नसेल तर आसपासच्या विक्रीचे दाखले देऊन फेरविचार मागता येतो, किंवा वरची रक्कम स्वतः भरता येते.

घर राहण्यासाठीच हवे. साधारणतः 60 दिवसांत राहायला जाण्याचा इरादा लिहून द्यावा लागतो. सैनिक मोहिमेवर असेल तर जोडीदाराचे राहणे चालते. चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत घेऊन एकात स्वतः राहता येते. घर अमेरिकेत किंवा तिच्या ताब्यातील प्रदेशांतच असावे लागते, त्यामुळे तिथल्या सैन्यात नोकरी केलेल्या मराठी माणसाला या हक्कावर पुण्यात फ्लॅट घेता येत नाही.

घर घेतल्यावर सरकारी दिसणारी पाकिटे येऊ लागतात. ‘दोन हप्ते भरू नका, व्याज कमी करा’ अशा मजकुराची ही पत्रे खासगी कंपन्यांची असतात. ‘न भरलेला’ हप्ता कुठे जात नाही, व्याज पुढे चालूच राहते. दर कमी करण्यासाठी कर्ज बदलताना होणारा खर्च 36 महिन्यांत वसूल झाला पाहिजे, आणि जुन्या कर्जाच्या पहिल्या हप्त्याच्या तारखेपासून 210 दिवस होऊन सहा हप्ते भरलेले असले पाहिजेत, असा नियम आहे.

घर विकताना खरेदीदार जुने कर्ज त्याच व्याजदराने आपल्या नावावर घेऊ शकतो, आणि त्यासाठी तो सैनिक असावा लागत नाही. दर चढे असताना अशा घराला गिऱ्हाईक लवकर मिळते. मात्र जबाबदारीतून मुक्त केल्याचा कागद विकणाऱ्याने बँकेकडून घ्यायलाच हवा. तरीही त्याचा हक्क त्या घरात अडकून राहतो. खरेदीदार स्वतः पात्र सैनिक असून त्याने आपला हक्क बदली लावला, तरच तो लगेच सुटतो. नाहीतर कर्ज फिटेपर्यंत थांबावे लागते. घर विकून कर्ज फेडले तरी हक्क आपोआप परत येत नाही. त्यासाठी 26-1880 क्रमांकाचा अर्ज करावा लागतो.