आपले झाड पडले तेव्हा



या अंकातला पाठ कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. तो आपल्या वर्गातच घडला, आणि घडत असताना तुमच्यापैकी बरेच जण तिथे हजर होते. जे नव्हते, त्यांच्यासाठी सुरुवातीपासून सांगतो.

आपल्या वर्गाचे बोन्साय तुम्हाला ठाऊक आहेच. लहान गटाला बाराखडी शिकवणारे आजोबा दोन वर्षांपूर्वी मेरीलँड सोडून सांगलीला कायमचे परत गेले, तेव्हा हे झाड ते वर्गाच्या स्वाधीन करून गेले. त्याआधी अठरा वर्षे त्यांनी ते वाढवले होते. तेव्हापासून दर आठवड्याला एका घरी पाणी घालायची पाळी असते. रविवारी झाड वर्गात येते आणि वर्ग सुटला की पुढच्या घरी जाते.

'बोन्साय' हा जपानी शब्द आहे. 'बोन' म्हणजे उथळ कुंडी आणि 'साय' म्हणजे लावणी. बोन्साय ही काही झाडांची बुटकी जात नव्हे. साधेच झाड उथळ कुंडीत लावून, मुळे आणि फांद्या वेळोवेळी छाटून ते लहान ठेवलेले असते. आपले झाड फायकस आहे, म्हणजे वड, पिंपळ आणि उंबर यांच्या कुळातले. म्हणूनच पान तोडले की पांढरा चीक येतो, आणि खोडापासून वडासारख्या बारीक पारंब्या सुटतात.

काय घडले?

सप्टेंबर महिना. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी लेझीमची तालीम चालू होती. झाड टेबलाच्या कडेला ठेवलेले होते. (ते तिथे ठेवले, ही आम्हा मोठ्यांची चूक.) वळताना आपल्या एका मित्राचा हात कुंडीला लागला आणि झाड खाली आले.

कुंडीचे तीन तुकडे झाले. माती जमिनीवर पसरली आणि मुळे उघडी पडली. एक फांदी तुटून बाजूला पडली. दुसरी खोडाजवळ फाटली आणि नुसत्या सालीवर लोंबकळत राहिली. ढोलकी थांबली. आपला मित्र लेझीम हातात धरून तसाच उभा होता. "मी आजोबांना काय सांगू?" एवढेच तो म्हणाला.

त्याला उत्तर द्यायला तेव्हा कोणालाच वेळ नव्हता, कारण आधी मुळांकडे बघायला हवे होते.

पहिला अर्धा तास

झाड मातीतले पाणी जाड मुळांनी पीत नाही. मुळांच्या टोकांशी केसांसारखे बारीक तंतू असतात, ते पाणी शोषतात. उघड्या हवेत हे तंतू फार लवकर सुकतात. म्हणून पहिले काम एकच, मुळे ओली ठेवणे. एका मावशींनी कार्यक्रमासाठी आणलेला फेटा नळाखाली भिजवला आणि मुळांभोवती गुंडाळला. मुळांना चिकटून राहिलेली जुनी माती आम्ही झटकली नाही. ज्या मुळांना मातीची साथ सुटली नव्हती, त्यांना आणखी धक्का कशाला द्यायचा?

मग दुसरी कुंडी शोधली. डब्यातल्या पोळ्या ताटात काढून एका काकांनी तो प्लास्टिकचा डबा पुढे केला. तापवलेल्या खिळ्याने त्याच्या तळाला भोके पाडली. पाण्याचा निचरा झाला नाही तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. बागेतली चिकट माती आम्ही वापरली नाही. काकांच्या घरून बारीक खडी, सालीचा चुरा आणि पर्लाइट आणले.

फाटून चिरडलेली मुळांची टोके स्वच्छ कात्रीने सरळ कापली, कारण सरळ कापलेली जखम लवकर भरते. मग तळाच्या भोकांतून सुतळी ओवून मुळांचा गड्डा डब्याला घट्ट बांधला. बांधायचे कशाला? झाड हलत राहिले तर नवे फुटणारे कोवळे तंतू दर वेळी तुटतात. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात, तसेच हे.

फाटलेली फांदी जागच्या जागी बसवून मऊ कापडी पट्टीने बांधली. तुटलेल्या फांदीचा बुंधा कापून नीट केला आणि आलेला चीक ओल्या फडक्याने टिपला. हा चीक डोळ्यांना लागू देऊ नये. तो अंगाला खाजतो, म्हणून सगळ्यांनी हात धुतले.

आजोबांचा फोन

आपली संध्याकाळ म्हणजे सांगलीची सकाळ. त्याच दिवशी फोन करायचा, असे आम्ही ठरवले. काही पालकांचे म्हणणे होते की झाड जगते का ते आधी पाहू, मग सांगू. पण झाड आजोबांचे होते, आणि झाडाला काय हवे हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

आजोबांनी ऐकून घेतले. पहिला प्रश्न विचारला, "मुळं किती वेळ उघडी होती?"

"दहा मिनिटं असतील."

"नंतर ओली ठेवलीत ना? मग आशा आहे."

झाड कोणी पाडले, हे त्यांनी विचारलेच नाही. आपल्या मित्राने मात्र फोन मागून घेतला. "आजोबा, माझ्या हातून पडलं," तो म्हणाला.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग आजोबा म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. आता पुढचे दोन महिने झाडाची पाळी तुझ्याच घरी. आणि एक लक्षात ठेव बाळा, त्याला फार मदत करू नकोस."

'फार मदत करू नकोस' म्हणजे काय?

आपल्या मित्राला हे अवघड गेले. चूक झाली की माणसाला काहीतरी करावेसे वाटते. त्याला खत घालायचे होते, रोज भरपूर पाणी द्यायचे होते, झाड उन्हात ठेवायचे होते. एकेक करून पाहू.

खत: खतात क्षार असतात. जखमी मुळांभोवती क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे आणखी जड जाते. म्हणून नवी पाने फुटून मोठी होईपर्यंत खत अजिबात नाही.

पाणी: मुळे कमी झाली म्हणजे झाड पाणीही कमी पिते. आपण पूर्वीइतकेच घालत राहिलो तर माती चिखल होते. मातीत लाकडी काडी खुपसून पाहावी. ओली निघाली तर पाणी घालू नये. वरून सुकी लागली की खालून वाहीपर्यंत घालावे.

ऊन: पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. उन्हात आणि वाऱ्यात ती जास्त जाते. खालून पाणी कमी येते आणि वरून जास्त जाते, हा हिशेब जमत नाही. म्हणून उबदार खोलीत, भरपूर उजेडाची पण थेट ऊन न येणारी जागा. शिवाय चार काड्या रोवून वरून पातळ पारदर्शक पिशवी सैल घातली, म्हणजे आतली हवा दमट राहते. ती रोज थोडा वेळ काढून ठेवायची, नाहीतर बुरशी धरते.

पाने मोजताना

पहिल्या आठवड्यात एकोणीस पाने गळली. दुसऱ्या आठवड्यात एकोणसाठ. आकडे आम्हाला पाठ आहेत, कारण आपला मित्र गळलेली पाने पाकिटात घालून आणायचा आणि आपण सगळे ती मराठीत मोजायचो. 'एकोण' म्हणजे एकाने उणे, साठाला एक कमी ते एकोणसाठ, हे त्या दिवशी ज्यांना समजले ते आता विसरणार नाहीत. तिसऱ्या आठवड्यात अडतीस. झाड जवळजवळ उघडे झाले.

"मेलं ना?" छोट्या गटातल्या एका मुलीने विचारले.

तेव्हा आम्ही नखाची परीक्षा केली. फांदीची साल नखाने अगदी तिळाएवढी खरवडायची. खाली हिरवे आणि ओलसर दिसले तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडे दिसले तर मेलेली. खोड हिरवे निघाले. मुख्य फांद्याही हिरव्या होत्या. बांधलेली फांदी मात्र टोकाकडून सुकत चालली होती. (ही परीक्षा रोज करायची नसते. खरवडलेली प्रत्येक जागा ही एक नवी जखमच असते.)

धक्का बसला की फायकस पाने टाकते. पाने कमी झाली की जाणारे पाणीही कमी होते. म्हणजे पाने गळणे हे दर वेळी मरणाचे लक्षण नसते. झाडाने केलेली ती काटकसरही असू शकते.

चारशे वर्षांचे झाड

ऑक्टोबरमध्ये आपली सहल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममधल्या बोन्साय संग्रहालयात गेली. तिथे एक जपानी पांढरा पाइन आहे. 1625 सालापासून तो कुंडीत वाढवला जात आहे. 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो तिथून सुमारे तीन किलोमीटरवर यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता. घराच्या काचा फुटून घरातल्यांना लागल्या. पण उंच भिंतीच्या आडोशाला असलेली बोन्साय झाडे वाचली.

1976 साली अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त जपानकडून 53 बोन्साय भेट आली. त्यांत मासारू यामाकी यांनी हे झाड दिले. त्यामागची हकीकत इथे सर्वांना कळली ती 2001 साली, त्यांचे नातू झाड पाहायला आले तेव्हा.

आपला मित्र त्या झाडासमोर बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "भिंतीनं एक दिवस वाचवलं. बाकीचे दिवस कोणी पाणी घातलं?" आम्हाला वाटते, त्याचा प्रश्न बरोबर होता. कुंडीतले झाड स्वतःचे पाणी स्वतः शोधू शकत नाही. चारशे वर्षे कोणी ना कोणी त्याला पाणी घालत आले आहे.

आता झाड कसे आहे?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आपला मित्र डबा छातीशी धरून आला. यावेळी पाकीट नव्हते. खोडावर, अगदी जुन्या सालीतून, टोकदार हिरवे कोंब आले होते. सगळ्यांनी मोजले. सात.

बांधलेली फांदी मात्र वाचली नाही. ती आम्ही कापली. आजोबांनी इतक्या वर्षांत दिलेला डौल आता राहिलेला नाही, एक बाजू रिकामी दिसते. हे फोनवर सांगताना आम्हाला जड गेले. आजोबा म्हणाले, "त्या रिकाम्या बाजूचं काय करायचं ते आता तुम्ही ठरवा. मला कळवा मात्र." पुढच्या उन्हाळ्यात झाड नव्या कुंडीत जाईल. तोपर्यंत ते पोळ्यांच्या डब्यातच राहील. दोन महिने संपले तरी आपल्या मित्राने पाळी सोडलेली नाही, आणि आम्हीही मागितलेली नाही.

पालकांसाठी

बऱ्याच घरी दुकानातून आणलेले जुनिपरचे बोन्साय असते. त्याची गोष्ट वेगळी आहे. ते घराबाहेर वाढणारे झाड आहे, अपघातानंतरही त्याला बाहेरच सावलीत आणि वाऱ्याच्या आडोशाला ठेवावे. दुसरे म्हणजे, मेलेले जुनिपर कित्येक आठवडे हिरवे दिसते. त्याच्या रंगावर विसंबू नका, नखाची परीक्षा करा.

नवे शब्द

निचरा – जास्तीचे पाणी वाहून जाणे
चीक – झाडातून येणारा पांढरा, चिकट रस
पारंबी – फांदीपासून खाली लोंबणारे मूळ
कोंब – नुकतेच फुटलेले टोक
आडोसा – ऊन, वारा लागू नये अशी झाकलेली जागा
काटकसर – जपून वापरणे
डौल – ऐटदार, सुंदर आकार

स्वाध्याय

1. आजोबांनी फोनवर पहिला प्रश्न कोणता विचारला? तोच का विचारला असेल?
2. तीन आठवड्यांत एकूण किती पाने गळली? उत्तर अक्षरांत लिहा.
3. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसत्तर हे आकडे अंकांत लिहा.
4. खत, पाणी आणि ऊन यांपैकी एकाविषयी, 'फार मदत' का करू नये ते तीन वाक्यांत सांगा.
5. घरच्या कुंडीतल्या मातीत लाकडी काडी खुपसून पाहा. काय दिसले ते आईबाबांना मराठीत सांगा.
6. झाडाच्या रिकाम्या बाजूचे काय करावे? चित्र काढून पुढच्या रविवारी आणा. सगळी चित्रे आपण सांगलीला आजोबांना पाठवणार आहोत.