कानातला आवाज येतो कुठून?

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने निघालात की वीसेक किलोमीटरवर ओझर लागते. १९६४ साली मिग विमाने बांधण्यासाठी येथे कारखाना उभा राहिला. मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाली; ओझरला बांधलेली सुखोई-३० मात्र अजून गर्जत असतात. येथल्या मुलांना डेसिबल समजावून द्यायला वेगळे उदाहरण नको!

चालू जेट इंजिनाजवळ आवाज १३० ते १४० डेसिबलपर्यंत जातो. आपले साधे बोलणे ६० च्या आसपास असते. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते. म्हणजे ६० आणि १४० यांत फरक किती पट? दहा कोटी! विमानाजवळ काम करणारे कानांवर जाड आवरणे चढवतात ती यासाठीच.

असा मोठा आवाज ऐकल्यावर, गणपतीच्या मिरवणुकीतून घरी आल्यावरसुद्धा, कानात बारीक सूर घुमत राहतो. बाहेर तर काहीच वाजत नसते. यालाच कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेतही कानाच्या रोगांत तो मोजलेला आहे.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीची कंपने विद्युत्‌संदेशात बदलून मेंदूकडे धाडणे हे त्यांचे काम. मोठ्या आवाजाने त्या थकतात, काही मरतात. आणि माणसात मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. मग काही सुरांचे संदेश येईनासे होतात. स्टेशन नीट लागेना की आपण रेडिओचा आवाज वाढवतो व खरखरच अधिक ऐकू येते. मेंदूही काहीसे तसेच करतो, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. श्रवणाचा मज्जातंतू कापल्यावरही अनेक रुग्णांचा कर्णनाद थांबला नाही, हा त्याचा एक पुरावा.

१९५३ मध्ये हेलर व बर्गमन यांनी नीट ऐकू येणाऱ्या ८० जणांना अगदी निःशब्द खोलीत बसवले. त्यांतील ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले!

आता एक प्रयोग करा. टिकटिकणारे घड्याळ दिवसा रेडिओ लावून ऐका आणि मग रात्री निजानीज झाल्यावर ऐका. टिकटिक तेवढीच असते. भोवतालची शांतता तिला मोठी करते. कर्णनादाचा त्रास रात्री वाढतो तो असाच. म्हणून पंख्याचा किंवा मंद संगीताचा आवाज चालू ठेवायला तज्ज्ञ सांगतात.

एखाद्या दिवसात आवाज थांबला तर ठीक. थांबला नाही, तर कानात तेल किंवा काडी न घालता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. कधी नुसता मळ असतो, कधी मध्यकर्णातला संसर्ग, कधी एखाद्या औषधाचा परिणाम. एकाच कानात आवाज येत असेल किंवा तो नाडीच्या ठोक्याबरोबर उमटत असेल, तर तपासणी टाळू नये. ऐकणे अचानक कमी झाले तर त्याच दिवशी निघावे. तेथे उशीर महागात पडतो.

पुढे श्रवणतज्ज्ञ एकेक सूर ऐकवून आलेख काढतो. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानाचा आलेख बहुधा ४,००० हर्ट्‌झजवळ खाली खचलेला दिसतो. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून या विषयाची राष्ट्रीय संस्थाच आहे, अली यावर जंग यांच्या नावाची. कर्णनाद हमखास घालवणारी गोळी अद्याप निघालेली नाही, जाहिराती काहीही म्हणोत. श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज वाढले की पुष्कळांना आतला आवाज कमी जाणवतो. शिवाय मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने त्या आवाजाची भीती कमी करता येते. भीती सरली की झोप येऊ लागते.

कान किती वेळ काय सोसतो याचाही हिशेब आहे: ८५ डेसिबल आठ तास, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या ट्रॅक्टरजवळ १०० डेसिबल भरले, तर किती वेळ? वहीत मांडून पाहा. उत्तर १५ मिनिटे यायला हवे.